उरेल तेच उत्तर

खडे चिकटवायला आलेल्या साड्यांमधली एक सापडत नव्हती आणि माल न्यायला निघालेला शेठचा टेम्पो सुरतेत उधन्याच्या नाक्यावर पोचला होता. साडी मिळाली नाही, तर उद्यापासून घरी काम येणार नव्हतं.

सोनाली रोज सुडोकू सोडवायची. अंदाजानं आकडा भरायचा नाही. न बसणारे खोडत जायचं, उरेल तेच उत्तर, हे तिच्या अंगात मुरलेलं. सकाळी बाळानं झोळी भिजवली होती. घाईघाईनं बांधलेल्या दुसऱ्या झोळीत ते आत्ता कुठे निजलं होतं. दोरी ओढत ती एकेक नाव खोडू लागली. नवरा पहाटेच कापडाच्या लूमवर कामाला गेलेला. सासू गावाला. उरली एकटी शेजारची सखुबाई, दुपारी मीठ मागायला आलेली.

सोनालीनं तिला हाक मारून घरात बोलावलं.

"मावशी, साडी कुठं ठेवली? तुमच्याशिवाय घरात कोणी आलंच नाही."

"माय, मला चोर म्हणतेस?" सखुबाईचा आवाज चढला, तसं बाळ दचकून रडायला लागलं. सवयीनं सखुबाईनंच पुढे होऊन त्याला झोळीतून उचललं.


रिकाम्या झोळीच्या काठाला शेठच्या मालाची चिठ्ठी लोंबत होती.