सांधा धरेपर्यंत

"माशांच्या टाकीला चार मिलिमीटरची नाही चालणार," खोसियत म्हणाली. "ती खिडकीची काच. पाणी भरलं की पोट काढेल आणि एक दिवस फुटेल. आठची घे."

"तुम्ही म्हणाल तसं, मावशी," दिलशोद म्हणाला.

मावशी. पाच वर्षं तो तिला आई म्हणत होता. मग त्यानं तिच्या लेकीला, मुनिराला, वांझ म्हणत एका ट्रंकेसकट तिच्या दारात आणून सोडलं, त्याला आता सात वर्षं होत आली. ताजिकिस्तानातल्या कोनीबोदोमच्या बाजारात जाड काच कापणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आज तो आला होता. मागे दुसरी बायको उभी होती, फरांगिस. रुमाल कपाळापर्यंत ओढलेला.

"घरात मासे खेळले की पाळणा हलतो, असं कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलंय," तो म्हणाला. "म्हटलं, तेही करून बघू."

खोसियतनं काच टेबलावर आडवी टाकली. पट्टी लावून काच कापायची हिरकणी एकदाच ओढली, काठावर दाबून कट्कन मोडली. तळ, मागची, पुढची, दोन बाजूच्या. ओल्या दगडानं धारा मारल्या, स्पिरिटच्या बोळ्यानं कडा पुसल्या. दिलशोदनं काच चिकटवायला आणलेल्या सिलिकॉनच्या नळीवरचं वाचून तिनं ती बाजूला ठेवली.

"ही न्हाणीघराची. हिच्यात बुरशी मारायचं औषध असतं. मासेही मरतील." टेबलाखालून तिनं साधी नळी काढली. "आता कुणीतरी काच धरून उभं राहायला हवं."

दिलशोदनं घड्याळ पाहिलं. "ही धरेल. मी गाडीचं बघतो." तो गेला.

तळाच्या कडेनं सिलिकॉनची रेघ ओढून खोसियतनं मागची काच उभी केली, तिला काटकोनात बाजूची भिडवली. दोन्ही फरांगिसच्या हातात दिल्या.

"हलू देऊ नकोस. सांधा सुटला तर सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. वरून लावलेलं धरत नाही."

फरांगिस मान डोलावून उभी राहिली. सिरक्यासारखा उग्र वास सुटला होता. खोसियत कोपऱ्यावर चिकटपट्टी लावत होती. या पोरीला तिनं इतकी वर्षं मनोमन शिव्या दिल्या होत्या. जवळून पाहिलं तर ती फार तर सत्तावीसची असेल.

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"पाच."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"खुजांदला जाऊन आले. माझ्यात काही नाही."

"आणि तो?"

"ते कशाला जातील?"

खोसियतनं पट्टी दातांनी तोडली. मुनिराचं दुसरं लग्न एका विधुराशी करून द्यावं लागलं होतं, दूरच्या गावात. तिथं वर्षाच्या आत तिला मुलगा झाला, मग मुलगी. दोन्ही बाळंतपणं खोसियतच्या हातची. तिनं ते कधी कुणाला ओरडून सांगितलं नव्हतं, पण आज जीभ राहिना.

"माझ्या मुनिराला दोन आहेत," ती म्हणाली. "पोटची."

फरांगिसच्या हातातली काच केसभरही हलली नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "गेल्या नवरोजला तुमच्या दारात खेळताना पाहिली. मुलगा मुनिराबाजींच्याच तोंडवळ्याचा आहे."

"मग बोलत का नाहीस? दोष कुणाचा ते सासूला सांग की."

"मला ठाऊक आहे हे ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवशी ते मला घरात ठेवायचे नाहीत. दोष त्यांच्यात आहे हे माहीत असलेलं माणूस रोज समोर नको त्यांना." ती थांबली. "मुनिराबाजींना आई होती परत यायला. माझी नाही. भाऊ रशियात, भावजय दार उघडत नाही."

मुनिरानंही आपल्यात काही दोष नसल्याचा डॉक्टरचा कागद आणला होता. दाखवू नकोस, संसार मोडेल, असं सांगून तो ट्रंकेच्या तळाशी कुणी ठेवायला लावला होता, ते खोसियतला चांगलं आठवत होतं.

बाकीच्या काचा दोघींनी जोडल्या. शेवटची पट्टी लागल्यावर फरांगिसनं हात सोडले. तळव्यांवर लाल रेघा उमटल्या होत्या.

दिलशोद परत आला. टाकीच्या कडेवर टिचकी मारून त्यानं खूश होऊन मान हलवली.

"पाणी कधी भरायचं?"

"सांधा धरू दे. आठ दिवस थांब. आज न्यायचीही नाही, उद्या ये."

जाता जाता तो दारात थबकला. आवाज सहज ठेवत म्हणाला, "मुनिराकडे दोन पोरं दिसली म्हणे कुणाला. त्या नवऱ्याची आधीचीच असतील ना?"

खोसियतनं वर पाहिलं. त्याच्या खांद्यामागून फरांगिस तिच्याकडे बघत होती. रुमालाचं टोक तिनं मुठीत आवळून धरलं होतं.

"हो," खोसियत म्हणाली. "आधीचीच."