चौथा नाल

पुढचा डावा.

दशरथने खांद्यावरचा टॉवेल काढून घोडीच्या नाकाशी धरला. चंपीने तो हुंगला आणि पाय त्याच्या हातात दिला. दशरथ नालबंद. वीस वर्षं त्याची हीच रीत. टॉवेलला साऱ्या तबेल्यांचा वास होता. तो घेतला की बुजरं जनावरही शांत व्हायचं.

सत्त्याऐंशीचा मे. लग्नसराई ऐन भरात आणि तबेले ओस पडत चाललेले.

"मुलुंडात आता हीच एक धड उरलीय," मालन म्हणाली. तिने दाराशी चुलीवर घोडीसाठी पाणी उकळत ठेवलं होतं. "पंधरा दिवस परकं माणूस आत घेतलं नाही. तुम्ही घरचे म्हणून. नवऱ्यालासुद्धा पाय धुतल्याशिवाय घेत नाही."

"बिचारा," दशरथ हसला.

"बिचारा कसला! उद्या वरात आहे. ही पडली तर नवरदेवाला काय त्याच्या पाठीवर बसवू? आमचं पोट हिच्यावर आहे."

पुढचा उजवा.

दशरथ खबर सांगू लागला. घाटकोपरला लवूच्या दोन्ही घोड्या गेल्या. आधी खोकला, मग नाक वाहायला लागलं. बसल्या त्या उठल्याच नाहीत. मग अंधेरीला राजारामचा पांढरा. काल भांडुपला दादूची घोडी.

"तुम्हाला बरं सगळं ठाऊक!"

"सगळीकडे नाल मीच मारतो ना. लवूकडून राजारामकडे गेलो, तिथून दादूकडे."

मागचा डावा.

"मला एक कळत नाही, दशरथभाऊ. लवू कुठे, राजाराम कुठे! पाणी वेगळं, चारा वेगळा. जनावरांनी एकमेकांचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. मग ही साथ गेली कशी? चालत?"

हातोडा थांबला.

लवू. राजाराम. दादू. दशरथने मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. क्रम बदलत नव्हता.

शेवटचा खिळा त्याने नीट ठोकला. पाय हलकेच खाली ठेवला. मग चुलीपाशी गेला आणि खांद्यावरचा टॉवेल जाळात घातला.

"चालतच गेली, वहिनी."

मालनने जळत्या टॉवेलकडे पाहिलं. मग घोडीच्या नाकाकडे.

मागचा उजवा.

चंपीने तो आपणहून उचलला, आणि मान वळवून दशरथचा रिकामा खांदा हुंगू लागली.