नुसतं बिस्कीट

बायको गेल्यापासून तिचा कुत्रा माझं काही ऐकेना. "बाबा, तुम्हाला आवरत नसेल तर मी घेऊन जाते त्याला," लेकीने दम दिला, म्हणून कुत्र्यांना शिकवणारी बाई बोलावली. बिस्किटांचा अर्धा पुडा संपला, पण 'बस' म्हटलं की हा उभाच.

बाई वैतागली. "काका, नुसतं बिस्कीट काय दाखवताय? तोंडाने कौतुक करा की त्याचं!"

मीही वैतागलो. "करायचं तेच काम केलं, त्यात कौतुक कसलं?"

तेवढ्यात तो बसला. मी बिस्कीट पुढे केलं. त्याला तोंडही न लावता तो माझ्याकडे बघत राहिला.

चाळीस वर्षं मला जेवायला वाढून तीही अशीच बघत बसायची.