झोपेतली हजेरी

हवालदार हणमंत निकमांच्या डोक्यावर यंत्र चढवलं, तरी आठवणी दाखवणारा पडदा तिसऱ्या अपिलातही कोराच राहिला.

"चौकीवर काही घडल्याची आठवणच नाही," लष्कराच्या अपील मंडळाच्या मेजरबाई म्हणाल्या. "म्हणजे मनाचा आजार नोकरीमुळे झालेला नाही. डिस्चार्जच्या कागदावरचा 'मूळचाच मनोरुग्ण' हा शेरा बदलता येणार नाही."

"आठवण असेल कशी?" निकमांची बायको मालन उसळली. "घरी धाडताना गुप्तता म्हणून तुम्हीच ती पुसली. अंगण तुम्हीच सारवायचं आणि पावलांचे ठसे आमच्याकडं मागायचे?"

"आम्ही फक्त आठवणच पुरावा मानतो, ताई."

"मग माझी बघा." तिनं ते यंत्र नवऱ्याच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर चढवलं.

पडद्यावर त्यांची झोपायची खोली उमटली. निकम झोपेतच ताठ उभे राहून हजेरी घेत होते. "शिपाई भोईटे." उत्तर येईना, तसे ते तेच नाव पुन्हा पुन्हा पुकारू लागले. मग अंधारातून मालनचा आवाज आला, "हाजिर, साहेब." पुढचं नाव, पुन्हा तिचंच उत्तर. शेवटच्या नावानंतर निकम गुमान आडवे झाले.

"मी असं करतो?" खुर्चीतल्या निकमांनी विचारलं.

मेजरबाईंनी पडदा बंद केला. "ही सगळी त्या चौकीवर मारली गेलेली माणसं. शेरा बदलेल. पण त्यांची नावं गुप्त आहेत. तुमचीही आठवण पुसावी लागेल."

"पुसा," मालन म्हणाली. "फक्त रोज रात्री 'हाजिर' म्हणायला तुमचा कोण माणूस येणार, तेवढं लिहून द्या."