वीस मजले वर

क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून वीस मजले वर, चालकाच्या छातीत कळ आली. काम जाईल या धास्तीने त्याने कामावर आजाराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. उतरायला एकच उभी शिडी होती. त्याने दार उघडलं, तोच डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले: "दुखलं की आधी बसायचं, मग ही गोळी जिभेखाली. उठलात तर भोवळ येईल." तो मुकाट्याने बसला, खिशातली गोळी जिभेखाली ठेवली. पाच मिनिटं गेली, कळ हटेना. त्याने वॉकीटॉकी उचलला. "मुकादम, छातीत दुखतंय. उतरता येणार नाही." "हलू नकोस. अँब्युलन्स बोलावतो, माणसं वर पाठवतो. घरी काय सांगू?" रोज सकाळी बायको विचारायची, "रक्तदाबाची गोळी घेतली ना?" आणि तो हो म्हणायचा. "खरं सांगा," तो म्हणाला. "चक्कर येते म्हणून महिनाभर रक्तदाबाची गोळी मी घेतलीच नाही."