न्यूट्रलमधला घाट

सत्त्याऐंशी साली कमरुद्दीनचाचांची नजर गेली आणि वीस वर्षं पौड ते ताम्हिणी माणसं भरून वडाप करणारी त्यांची जीप अंगणात उभी राहिली. तरी रोज दुपारी चाचा स्टिअरिंगवर बसत, न्यूट्रलमध्येच जीप सुरू करत आणि घाट चढल्यासारखी अर्धा तास रेस देत.

"चाची, वर्षभरात मीटर तसूभर हाललं न्हाई, आन् इंजिन पार झिजलंय," भिकू मिस्त्रीनं चाचांच्या बायकोला, बीबीजानला बजावलं. "जागच्या जागी रेस देऊन पिस्टनच्या रिंगा जात्यात. गिऱ्हाईक हाय तवर चावी काढून घ्या आन् इकून टाका."

बीबीजानलाही त्या घरघरीचा वीट आला होता. थकल्या पायांनी ती चावी मागायला जीपपाशी गेली. चाहूल लागताच चाचांनी शेजारची सीट हातानं झटकली.

"चढ की. आज पुढं जागा हाय."

वीस वर्षांत, माणसं लोंबकळणाऱ्या त्या जीपमध्ये तिला कधी जागाच मिळाली नव्हती. चावीसाठी पुढं केलेला हात तिनं मागं घेतला. मग पदर खोचून चढली.



"रेस जरा बेतानं द्या," ती म्हणाली. "मला घाटात गाडी लागती."