भिंतीवरचं झाड

गिरणीच्या भिंतीजवळचं झाड तिचा नवरा गेला त्याच उन्हाळ्यात पाडलं. सावली मात्र भिंतीवर तशीच राहिली.

"अगं, झाडच नाही, मग सावली कुणाची?" बरोबर कामाला येणारी मैत्रीण तिचा हात घट्ट धरत म्हणाली.

"असेल कुणाची तरी. चल, भोंगा वाजेल."

तिला हल्ली कशाचंच काही वाटत नसे. मैत्रिणीने रस्ता बदलला. ही बाई ढिम्म, रोज तिथूनच जात राहिली. पानगळीत सावलीची पानं झडली. थंडीत नुसत्या काटक्या उरल्या. मग त्यांना पालवी फुटली.

घराला किल्ली एकच. नवरा होता तेव्हा त्याची रात्रपाळी, हिची दिवसपाळी. रोज सकाळी याच झाडाखाली ती चालता चालता त्याच्या हातात किल्ली द्यायची आणि तो घरी जायचा.

आज सावली पानांनी गच्च भरली होती. बुंध्याला टेकून आणखी एक सावली उभी होती. त्या सावलीने हात पुढे केला. हातात मुरलेली सवय. न थांबता हिने किल्ली दिली आणि कामावर गेली.

दुपारी पिशवीत किल्ली सापडली नाही.

"पडली असेल कुठेतरी," म्हणत तिने डबा उघडला.

संध्याकाळी घरी आली, तर दाराला कुलूप नव्हतं. तिने दार ढकललं.

आतून कडी लावलेली होती.